पाखऱ्याच्या खांद्याची गाठ

या अंकाचे संपादक माझ्याकडे पहिल्यांदा आले ते लेख मागायला नव्हे, बाथरूमचा फुटका दरवाजा घेऊन. दरवाजा फायबरचा, खालचा कोपरा पाण्याने आणि लाथांनी गेलेला. मी कामातले किस्से सांगत होतो आणि ते स्टुलावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "रफीकभाई, हे सगळं लिहून द्या." मी म्हणालो, लिहिणं मला जमत नाही, मी फक्त फुटलेलं जोडतो. ते म्हणाले, मग तसंच लिहा. आता लेख तयार आहे आणि दरवाजा अजून माझ्या शेडमध्येच उभा आहे. त्यांच्या बाथरूमला सध्या पडदा लावलाय, असं वहिनींनी फोन करून मला जरा वेगळ्या आवाजात कळवलं आहे.

नांदेडला देगलूर नाक्याच्या पुढे माझी पत्र्याची शेड आहे. उमेदीची बरीच वर्षं लातूरला काढली, मग सासुरवाडीच्या ओढीने नांदेडला आलो. ओढ सासुरवाडीची नव्हती, बायकोची होती, पण ते असू द्या. दोन्ही गावांत मला लोक 'फायबरवाले मिस्त्री' म्हणून ओळखतात. कूलरची बॉडी, बसचा बंपर, पाण्याची टाकी, बागेतली घसरगुंडी, हॉटेलसमोरचं हरीण, असं काहीही तडकलं की माझ्याकडे येतं. एकाने तर आपल्या वडिलांचा फायबरचा अर्धपुतळा आणला होता. नाक मोडलं होतं. त्याने मला फोटो दिला आणि वर सांगितलं, नाक फोटोपेक्षा जरा लहान करा, घरात सगळ्यांनाच तसं बरं वाटेल.

फायबर म्हणजे प्लास्टिक नव्हे. काचेच्या बारीक केसांची चटई असते, तिला आम्ही मॅट म्हणतो. तिच्यावर रेझिन नावाचा घट्ट पाक चोपडायचा. त्या पाकात आधी हार्डनरचे थेंब टाकलेले असतात, त्यामुळे तो थोड्या वेळाने जमतो आणि दगडासारखा होतो. जमताना तो गरम होतो. कधी कधी डबा हातात धरवत नाही. फुटलेल्या जागेच्या भोवतीचा रंग आधी घासून काढायचा, मॅट कात्रीने न कापता हाताने फाडायची, म्हणजे तिच्या कडा विरळ होतात आणि जोड दिसत नाही, आणि पट्टी नेहमी जखमेपेक्षा मोठी लावायची. काम एवढंच. ओल आणि तेल हे आमचे दोन दुश्मन. ओल्या किंवा तेलकट जागेवर लावलेली पट्टी आज ना उद्या सुटणारच. बाकी काचेचे कण अंगात शिरतात आणि दिवसभर खाज सुटते. माझे कपडे शमीम, म्हणजे माझी बायको, वेगळ्या बादलीत धुते आणि धुताना काय बोलते ते या अंकात छापता येणार नाही.

आता माझा रोग सांगतो. मला खडबडीत पाहवत नाही. पट्टी जमली, वर पुट्टी लावली की खरं म्हणजे जाड पेपर मारायचा, म्हणजे पॉलिश पेपरने घासायचं, मग बारीक पेपर मारायचा आणि रंग देऊन मोकळं व्हायचं. मी थांबत नाही. हात फिरवतो, कुठेतरी कणी लागते, पुन्हा पेपर घेतो. मी जोडलेली जागा मूळ वस्तूपेक्षा गुळगुळीत होते आणि मग उरलेली वस्तू तिच्यापुढे भिकार दिसायला लागते, म्हणून तीही घासतो. गिऱ्हाईक एक भेग घेऊन येतं आणि महिनाभर अख्खी वस्तू माझ्याकडे ठेवून जातं. शमीम एकदा मला भिंतीवरचा खडबडीतपणा चाचपताना बघून म्हणाली, "अब मेरे मूँ पे बी पेपर मारते क्या तुमे?" खरं सांगायचं तर मी त्या वेळी भिंतीचाच विचार करत होतो.

लातूरला असताना एका निवृत्त शिक्षिकेच्या गच्चीवरची टाकी तळाला तडकली. मी म्हणालो, मॅडम, टाकी रिकामी करून वाळवावी लागेल. त्या माझ्याकडे असं बघत राहिल्या, जणू मी घरातलं सोनं मागितलं. "रिकामी? नळ कालच येऊन गेलाय. आता पुढच्या आठवड्यात." लातूरच्या माणसाला भरलेली टाकी सोडून द्या म्हणणं म्हणजे काय, हे लातूरच्या माणसालाच कळेल. शेवटी त्यांनी गल्लीत निरोप पाठवला. बाया बादल्या घेऊन आल्या, कुणी गोधड्या आणल्या, कुणी सासऱ्याला आंघोळीला आणलं. मॅडम मला म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्हीही करून घ्या." मी गच्चीवर, परक्या गल्लीच्या देखत, आंघोळ करून कामाला लागलो.

टाकी वाळली, मी आत उतरलो, पट्टी बसवली. तिथेच संपायला हवं होतं. पण आतून हात फिरवला तर कणी लागली. मग पेपर घेऊन मी टाकीच्या आत बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. पाण्याच्या टाकीच्या तळाला कोण बघायला येणार आहे, असं मॅडमनी झाकणातून डोकावून विचारलं. मी म्हणालो, मी बघतोय ना. असं करता करता नळाचा दिवस उजाडला, खाली मोटर सुरू झाली आणि माझ्या डोक्यावर पाणी पडायला लागलं. त्या आठवड्यात त्याच टाकीच्या पाण्याने दोनदा आंघोळ झालेला गल्लीतला मी एकटाच.

अर्धापूरला एका केळीच्या व्यापाऱ्याच्या गेटवर फायबरचा मोठा घड होता. पोरांनी लोंबकळून त्याची टोकाची केळी मोडली होती. ती मी नवी करून दिली. मग बाकीची केळी बघितली तर त्यांच्यावर तपकिरी ठिपके. मला वाटलं, रंग खराब झालाय. सगळं घासलं आणि लख्ख पिवळा रंग मारला. व्यापाऱ्याने घडाखाली उभं राहून बराच वेळ वर बघितलं. "चाचा, काम लई साफ हाय," तो म्हणाला, "पण माल पावडर मारून पिकवल्यावानी दिसून राहिला. गिऱ्हाईक गेटवरूनच माघारी जाईल." त्याच्या दृष्टीने ठिपका म्हणजे झाडावर भरलेल्या केळाची खूण. पुढचा दिवस मी शिडीवर उभा राहून बारक्या ब्रशने केळ्यांवर पुन्हा तपकिरी ठिपके रंगवत होतो. खालून जाणारे लोक थांबून बघत होते आणि कुणीही मला मदत करायला तयार नव्हतं.

शहाण्या माणसाला एवढं पुरलं असतं. पण मी शहाणा असतो तर तुम्हाला पुढची गोष्ट वाचायला मिळाली नसती.

श्रावणात एक दिवस शेडसमोर पिकअप येऊन थांबली. मागे बैल उभा. लालकंधारी, गडद लाल, कपाळ रुंद, डोळे काजळ घातल्यासारखे. जवळ गेल्यावर कळलं की फायबरचा आहे, मान वशिंडापासून दुभंगलेली आहे आणि एक मोडका पाय दोरीने बांधून त्याला उभा केलाय. तोवर शेजारच्या भाजीवालीने त्याच्या तोंडापुढे मेथीची जुडी धरली होती. बैल फायबरचा आहे हे तिला सांगितल्यावरही तिने जुडी परत घेतली नाही, तिथेच ठेवली. बरोबर हदगावकडचा एक तरुण शेतकरी होता, गजानन. त्याने सांगितलं ते असं.

त्याचे वडील किशनराव, घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांचा पाखऱ्या नावाचा बैल होता. तो म्हातारा होऊन गेला तेव्हा त्याला बांधावरच्या लिंबाखाली पुरला. गजाननने त्याआधीच ट्रॅक्टर घेतला होता, त्यामुळे दुसरा बैल काही आला नाही. आबा शेतात यायचेच थांबले. ओसरीवर बसून राहायचे. तेव्हा गजाननने एका मूर्तिकाराला फोटो देऊन पाखऱ्याचा पुतळा करून घेतला आणि शेताच्या गेटपाशी, हदगावच्या रस्त्यालगत, चौथऱ्यावर उभा केला. आबा पुन्हा शेतात यायला लागले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते पुतळ्याची खांदमळणी करतात, म्हणजे जिथे जू बसतं तो खांदा तूप-हळदीने चोळतात आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. दुसऱ्या दिवशी झूल, शिंगांना बेगड आणि पुरणपोळी. यंदा खताचा टेम्पो मागे घेताना ड्रायव्हरने पुतळ्याला धडक दिली.

"चाचा, पोळ्याच्या आधी पायजे," गजानन म्हणाला. "आबा रोज इचारून राहिले. त्यांनी एक बी खांदमळणी चुकवली न्हाई. जित्याची बी न्हाई अन् ह्याची बी न्हाई."

मी म्हणालो, पुतळा टेम्पोच्या आधी होता त्यापेक्षा चांगला करून देतो. आता आठवलं की वाटतं, त्याच वेळी कुणीतरी माझ्या तोंडावर मॅटची पट्टी मारायला हवी होती.

काम अवघड होतं, पण मला ते आवडलं. मान आतून जोडली, मॅटचे थर दिले, मोडलेल्या पायात लोखंडी सळई घालून पाय उभा केला. मग नेहमीप्रमाणे सगळ्या अंगावरून हात फिरवला. वशिंडाच्या पुढे, मानेवर उजव्या बाजूला, एक गाठ हाताला लागली. वेडीवाकडी, एका अंगाने उतरलेली, वर सुरकुत्या पडल्यासारखी. असं कधी कधी होतं. रेझिन ओघळतं, आळशी कारागीर ते तसंच जमू देतो आणि वर रंग फासतो. मी त्या मूर्तिकाराला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले आणि ग्राइंडर लावला. गाठ गेली. मग पुट्टी, मग पेपर, मग आणखी बारीक पेपर. त्या जागेवरून माझा हात असा सरकायचा की मी येणाऱ्या-जाणाऱ्यालाही हात फिरवून बघायला सांगायचो. शमीमलाही सांगितलं. तिने हात फिरवला आणि म्हणाली, "चिकना है. पर बैल इत्ता चिकना रैता क्या?" मी तिला म्हणालो, तुला यातलं काय कळतं.

गजाननने मोबाइलवर फोटो पाहिले आणि एक नंबर झालाय म्हणाला. त्याचा जन्म बैलांच्या घरातला, पण हात ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर वाढलेले. त्यालाही काही खटकलं नाही.

खांदमळणीच्या दिवशी दुपारी मी पुतळा घेऊन हदगावकडे निघालो. रस्त्यात लोक गाडी थांबवून फोटो काढत होते आणि मी मोठेपणाने थांबत होतो. आभाळ भरलेलं, हवा दमट. शेतावर पोचून बैल चौथऱ्यावर बसवला, बोल्ट आवळले. मग ब्रश काढून चौथऱ्यावर रस्त्याच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं: 'रिपेअर: रफीक मिस्त्री, नांदेड', आणि खाली मोबाइल नंबर. एवढ्या रहदारीच्या रस्त्यावर अशी जाहिरात फुकटात कुठे मिळते? गजानन म्हणाला, लिहा, लिहा.

ऊन कललं तसे आबा आले. उंच, वाकलेले, डोक्याला फेटा. डोळ्यांनी त्यांना आता कडेकडेचंच दिसतं, मधलं दिसत नाही. सुनेने त्यांच्या हातात तूप-हळदीची वाटी दिली. घरातले सगळे जमले, शेजारच्या शेतातलेही एक-दोघे आले. मी चौथऱ्यापासून जरा बाजूला, पण सगळ्यांना दिसेन असा उभा राहिलो. कौतुक होणार हे मला माहीत होतं, फक्त त्या वेळी चेहरा कसा ठेवायचा याचा विचार करत होतो.

आबांनी बैलाच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ चाचपलं, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीवरून हात मागे नेला. मग बोटांवर तूप-हळद घेतली आणि वशिंडाच्या पुढे खांद्यावर ठेवली. हात सरकला. त्यांनी तो परत आणला. पुन्हा सरकला. ते तिथल्या तिथे चाचपत राहिले, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे, आणि मग त्यांनी हात काढून घेतला.

"गजा, हा कुणाचा बैल आणला?"

"पाखऱ्याच हाय आबा. मिस्त्रींनी नीट करून आणला."

"न्हाई." आबा शांतपणे म्हणाले. "ह्याला कधी जू लागलंच न्हाई."

गजाननने माझ्याकडे बघितलं. मी बैलाच्या खांद्याकडे बघितलं आणि मला ती गाठ आठवली. मी विचारलं, "आबा, उजवीकडं एक गाठ होती, ती का?"

"हाव. कुठं गेली?"

"मी काढली. मला वाटलं, काम खराब झालंय."

आबा चौथऱ्याच्या कडेला बसले. वाटी मांडीवर ठेवली. माझ्यावर ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते नुसते सांगत राहिले. "पाखऱ्या कवळा व्हता तवा. ऐन पेरणीत त्याचा जोडीदार गेला. मी शेजाऱ्याचा उंच बैल जोडीला लावला. जू तिरपं बसायचं, सगळा भार ह्याच्यावर यायचा. मला दिसून राहिलं व्हतं मिस्त्री. पण रानातला वाफसा निघून चालला व्हता, ओल गेली की पेरणी गेली. पेरणी साधली अन् ह्याचा खांदा गेला. लई दिवस चिघळला. बरा झाला, पण घट्टा पडला तो पडलाच. मरेपर्यंत व्हता." त्यांनी वाटीतलं तूप बोटाने उगाच ढवळलं. "दर खांदमळणीला त्यो चोळायचा अन् म्हनायचं, चुकलं माझं. पुतळा केला तवा मूर्तीवाल्याच्या मागं लागून त्यो करून घेतला. आता तुमी त्योच काढला. मग माफी मागायची ती कुठं मागू?"

मला फार लाज वाटली. आयुष्यभर मी लोकांच्या वस्तूंवरून हात फिरवत आलो, आणि हाताला जे लागलं ते नेमकं काय आहे हे कधी कुणाला विचारलं नाही.

आबा उठायला लागले. सुनेला म्हणाले, वाटी आत ने, यंदा राहू दे. तेव्हा मात्र मी पुढे झालो. म्हणालो, आबा, थोडं थांबा, मी आत्ता करून देतो.

सामान गाडीत होतं. पण अडचण अशी की आबांनी त्या जागेला तूप लावलं होतं, आणि तुपावर रेझिन धरत नाही. थिनरने पुसून काढलं. तरी चकाकी होतीच, तिच्यावरही काही चिकटणार नाही. म्हणजे ग्राइंडर लावणं आलं. ज्या जागेवरून मी सगळ्या नांदेडला हात फिरवायला लावला होता, तीच जागा मी सगळ्या घरादारासमोर खरवडून काढली. आत कुठेतरी दुखत होतं. पण तक्रार कुणाकडे करणार?

पुट्टी कालवली, तिच्यात काचेचे बारीक तुकडे घातले, हवा दमट म्हणून हार्डनर जरा जास्त टाकला आणि पहिली गाठ बसवली. आबांना म्हणालो, वरून प्लास्टिकची पिशवी धरतो, चाचपून बघा. त्यांनी बघितलं. "हे लिंबू झालं," ते म्हणाले.

मी ती खरवडली आणि दुसरी केली. या वेळी जरा चपटी, जरा लांबट. आबांनी पुन्हा चाचपलं. "बटाटा."

गजाननला विचारलं, तुला आठवतं का कशी होती ती? तो म्हणाला, रोज बघितली चाचा, पण आता सांगता येईना. मी तरी काय वेगळा होतो? ती गाठ माझ्या हाताने घासून काढलेली, पण कशी होती ते मला सांगता येत नव्हतं. मला फक्त ती नको होती एवढंच आठवत होतं. आणि मी करत होतो ती प्रत्येक गाठ सुबक होत होती. वेडंवाकडं करायला माझा हात तयारच होईना.

"आणा इकडं," आबा म्हणाले. "मीच करतो."

मी म्हणालो, आबा, हे हाताला चिकटतं, कातडी सोलते, हातमोजे घाला. त्यांनी हातमोजा हातात घेऊन बघितला आणि परत दिला. "मोजा घालून बैलाला कोण हात लावतं?" मग त्यांनी काय केलं, तर वाटीतलं तूप-हळद तळहाताला भरपूर चोपडलं. आम्ही साच्यातून वस्तू सुटावी म्हणून साच्याला मेण लावतो. तूपही तेच काम करणार, हे माझ्या लक्षात आलं आणि मी हातमोजे पिशवीत टाकले. बटाटा खरवडला, ताजी पुट्टी कालवून खांद्यावर थापली आणि बाजूला झालो.

आबांनी तिच्यावर तळहात ठेवला. डोळे मिटले. अंगठ्याने पुढून दाबलं, मग बोटं मागे ओढून एक अंग खाली उतरवलं. मधे एकदा थांबले, मान हलवली, पुन्हा थोडं दाबलं. एकदाही अडखळले नाहीत. इतकी वर्षं जे हात ती गाठ चोळत आले होते, त्यांना ते ठाऊक होतं. मग त्यांनी हात तसाच ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. मी म्हणालो, आबा, जमेपर्यंत हलवू नका.

पुट्टी जमायला लागली. जमताना ती गरम होते हे मी वर सांगितलं आहे, त्यात नवल काही नाही, आणि हार्डनरही मी जास्त टाकला होता. पण आबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं, चटका बसला. मी म्हणालो, "आबा, काढा हात, भाजेल."

"थांबा," ते म्हणाले. आणि मग अगदी हळू, गजाननला की मला की आणखी कुणाला ते कळलं नाही, "अंग गरम लागून राहिलं."

सूनबाईने पदर तोंडाला लावला. मी रेझिनच्या डब्याकडे बघत राहिलो. आबांनी गाठीवर हात ठेवूनच आपलं कपाळ बैलाच्या मानेला टेकवलं आणि म्हणाले, "चुकलं बाबा माझं. आज आवतण घे, उद्या जेवाय ये."

गरमपणा कमी होत गेला तसा त्यांनी हात उचलला. तूप होतं म्हणून हात अलगद सुटला. गाठीवर तळहाताच्या रेषा उमटल्या होत्या, हळद सगळी सुरकुत्यांत शिरली होती, एका बाजूला अंगठ्याचा खळगा. इतकं खडबडीत काम माझ्या शेडमधून आजवर बाहेर पडलेलं नाही. गजाननने विचारलं, "चाचा, पेपर मारायचा का थोडा?" पेपर माझ्या हातातच होता. सवयीने कधी घेतला होता कोण जाणे. मी तो घडी करून पिशवीत ठेवला.

पोळ्यानंतर लाल रंग घेऊन गेलो. सगळीकडे धरला, गाठीवर धरला नाही. तुपाचा अंश राहिलाच असणार, आणि तेलकट जागेवर काही टिकत नाही हे मी लोकांना सांगतो ते खरंच आहे. आता सबंध लाल बैलाच्या मानेवर ती एकच गाठ पिवळट, रंग उडालेली, लांबूनही डोळ्यांत भरते. आणि तिच्या बरोबर खाली, ठळक अक्षरांत, माझं नाव आणि नंबर.

फोन येतात. हदगावच्या रस्त्याने जाणारे समोरच्या टपरीवर चहाला थांबतात, बैल बघतात आणि नंबर लावतात. कुणी म्हणतो, मिस्त्री, गाठ घासायची विसरली का? कुणी म्हणतो, रंग तरी धड द्यायचा होता. उदगीरच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याचे सगळे बंपर मला मिळणार होते. त्याने बैल पाहिला आणि काम दुसऱ्याला दिलं, आणि सज्जन माणूस असल्यामुळे कारणही फोन करून सांगितलं. शमीम शेजारी बसून ऐकत होती. तिला मी काय उत्तर देतो ते ठाऊक आहे. मी म्हणतो, हो, घासायचं राहून गेलं.

गजाननला त्या फोनांबद्दल कळलं तेव्हा तो फार ओशाळला. मला म्हणाला, "चाचा, तुमचं नाव खराब होऊन राहिलं. चौथऱ्यावरचा नंबर पुसून टाकू का?"

मी म्हणालो, राहू दे. उलट अक्षरं जरा फिकी पडली आहेत, पुढच्या खांदमळणीला येईन तेव्हा ब्रश घेऊन येतो.